सोपाननानांची हरकत

सोपाननाना कुठलाही कागद मनात वाचत नसत. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर माझा रजेचा अर्ज. डोळ्यांपुढे अक्षर आलं की तोंड सुरू. वडवणीजवळच्या त्या गावात मी तलाठी म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी या कोतवालानं माझ्या हातातला नेमणुकीचा आदेश घेतला आणि पारावरच्या माणसांना खड्या आवाजात वाचून दाखवला, माझ्या जन्मतारखेसकट! मी असली चिडले म्हणता! "नाना, हे खासगी असतं," असं फणकारले, तर नाना शांतपणे म्हणाले, "म्याडम, सरकारी कागद मनात वाचला की लोकांला वाटतं, काईतरी दाबतेत."

तीस वर्षं ते गावाला सातबारे वाचून दाखवत आले होते. चावडीवाचन म्हणजे गावाला पारावर गोळा करायचं, जमीन कुणाची, विहीर कुणाची, वारस कोण हे मोठ्यानं वाचायचं आणि ज्याला चूक दिसेल त्यानं तिथंच उठून हरकत घ्यायची. बाकीकडे हे काम उरकून टाकतात. नानांचं म्हणजे कीर्तनच! मधे कुणी कुजबुजलं की, "गप बे! तुजंच वाचायलो, ध्यान दे."

गेल्या वर्षी आमचं गाव जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवायच्या प्रयोगात आलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, डोकं जड करून मी परतले आणि नानांना समजावू लागले. नोंद एकाच कपाटात नसते, एकाच वेळी अनेक संगणकांवर असते, आणि प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला साखळीसारखी जोडलेली असते. एका ठिकाणी कुणी गुपचूप खाडाखोड केली की बाकीचे संगणक चुगली करतात. नवी नोंद घालता येते, जुनी पुसता येत नाही.

"हात्तिच्या! म्हंजी चावडीवाचनच की," नाना म्हणाले. "साऱ्या गावाला पाठ असलं, की कुणाच्या बापाला खोडता येतंय?"

माझे दोन दिवस या माणसानं तंबाखू मळता मळता उरकले. राग आला, खरं सांगते. पण मग नानांनीच विचारलं, "अन् आदीच खोटं लिवलेलं आसंल तर?"

"जोडण्याआधी दुरुस्त केलं तर ठीक. नंतर केलं तरी आधीचं खोटं दिसतच राहणार."

"नातवंडांलाबी?"

"त्यांच्या नातवंडांनाही."

नानांनी मळलेली तंबाखू तशीच झटकून टाकली. मला वाटलं, चुना जास्त झाला असेल.

जोडणीआधीचं शेवटचं चावडीवाचन ठेवलं. नाना नेहमीच्या झोकात वाचत गेले आणि एका सातबाऱ्यापाशी गप्प झाले. ओठसुद्धा हलेनात. नाना मनात वाचत होते! "नाना, चष्मा पुसून देऊ का?" कुणीतरी ओरडलं. सारा पार खदखदून हसला. मीही वैतागून म्हणाले, "वाचा ना नाना, ऊन चढलं."

"हरकत हाय," नाना म्हणाले.

"कुणाची?"

"माजी. माज्याच सातबाऱ्यावर. बाप वारला तवा वारस म्हणून माज्या एकट्याचंच नाव लावलं. भन हाय का म्हणून तलाठ्यानं इचारलं, तर न्हाई म्हणलो. सोजर दिंद्रुडला दिलीय, जिती हाय, तुमा साऱ्यांला ठावं हाय. दर साली मी हे वाचलं, तुमी ऐकलं. कुनीबी उठलं न्हाई."

कोण उठणार? कुणाच्याच बहिणीचं नाव लागलेलं नव्हतं. नानांचा मुलगा मात्र उसळला. "आबा, कावून उकरायलात? आत्यानं कदी मागितलंय का?"

"मागितलं न्हाई, म्हणूनच मला गिळता आलं, बे."

माझ्या गावी, नेकनूरला, आमच्या सातबाऱ्यावर माझ्या दोन्ही आत्यांची नावं नाहीत, आणि तलाठी असून मी ते कधी तोंडातून काढलेलं नाही. त्या दिवशी मला नानांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

मग अर्ज, नोटिसा, जबाब. विहिरीवरच्या दोन एकरांतला एक एकर जाणार, तर घरात गोडवा कुठून राहायचा? मुलानं अबोला धरला, नानांचा डबा बंद झाला. ते माझ्या डब्यातली भाकरी खायचे आणि वर माझ्याच पिठल्याला नावं ठेवायचे.

सोजरबाईंचं नाव लागलं, मगच तो सातबारा साखळीत जोडला. पहिला उतारा न्यायला त्या दिंद्रुडहून एसटीनं आल्या. नानांच्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा होता. सोजरबाईंना अक्षरओळख नव्हती. मी दिलेला कागद त्यांनी भावापुढे धरला. "दादा, तूच वाच."

नाना पारावर उभे राहिले आणि वाचू लागले. बापाचं नाव, स्वतःचं नाव, मग बहिणीचं. सोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नानांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा. मलाच राहवेना. "नाना, पुरे हो! आता साऱ्या गावाला पाठ झालं."

"त्याच्यासाठीच तर वाचायलो, म्याडम," नाना म्हणाले.