डोळे मिटून बसवलेला कंट्रोलर

योकोहामाचं आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं. खालच्या मजल्यावर लाकडी जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या जातात, हिवाळा त्यांच्यावरच निभावतो. भिंतीवरचा कंट्रोलर घराइतकाच जुना, टकटक करत फिरणाऱ्या गोल बटणाचा. सासऱ्यांना आता जवळजवळ दिसत नाही, पण ते टकटक मोजून जमीन गरम करायचे. मागच्या हिवाळ्यात तो बंद पडला.

नवा मी निवडला. गुळगुळीत, सपाट बटणांचा, फोनवरूनही चालणारा. माझा स्वभावच असा, की दुसऱ्याला हळूहळू काम करताना बघवत नाही, मीच ओढून घेते. सासऱ्यांना मी ओतोसान म्हणते, म्हणजे बाबा. "ओतोसान, तुम्ही आता हातसुद्धा लावू नका. मी ऑफिसातून चालू करीन," मी ऐटीत सांगितलं. "सोयीचं आहे," एवढंच ते म्हणाले. हा माणूस थंडी वाजली तर दुसरा स्वेटर चढवेल, पण सुनेला फोन करणार नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

बसवायला आलेला कारागीर साठीचा असावा. दारात बूट काढून त्याने कोरे मोजे चढवले, चादर अंथरली. प्रत्येक वायर जोडली की तिच्याकडे बोट दाखवून मोठ्याने "बरोबर" म्हणायचा. एवढ्याशा डबीसाठी केवढे सोपस्कार, असं वाटून मला हसू येत होतं.

काम झालं, माझा फोनही जोडून झाला. तेवढ्यात सासरे भिंतीशी आले आणि जुन्या बटणाच्या जागी बोटं फिरवू लागले. कारागिराने मला काही विचारलं नाही. त्यांनाच विचारलं, "रोज हे कोण चालवतं?"

"मी चालवायचो," सासरे म्हणाले.

तो भिंतीकडे वळला आणि त्याने डोळे घट्ट मिटले. चाचपत कड शोधली, तिथून बटणापर्यंत बोट नेलं, चुकला, पुन्हा कडेपासून सुरुवात केली. असं दहा-बारा वेळा. मग टिकलीएवढे फुगीर ठिपके तीन जागी चिकटवले, परत डोळे मिटले, बोटाने तिन्ही तपासले आणि म्हणाला, "बरोबर." मी थक्क होऊन बघत राहिले. सहा वर्षं या घरात राहून मी एकदाही डोळे मिटून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगांच्या गडबडीत मी हीटिंग चालू करायचं साफ विसरले. स्टेशनवर उतरल्यावर आठवलं, तशी धावतच घरी आले. बूट काढून पाय टाकला, तर जमीन गरम.

"ओतोसान, तुम्ही लावलंत?"

"रोजच्यासारखं, तू यायच्या अर्धा तास आधी," ते म्हणाले. "बंद पडल्यापासून तू चवड्यांवर चालत होतीस. ऐकू यायचं मला."

सहा हिवाळे मी घरी आले की जमीन गरमच असायची. ती माझी यायची वेळ धरून कोणी गरम करून ठेवतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.