खळीनं चिकटवलेलं प्रकरण

मला डॉक्टरकीच्या शाळेत घालायचं ठरलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे, तोंडामुळे. लहानपणी देवी आल्या होत्या आणि जाताना गालांवर, नाकावर, कपाळावर खड्डे ठेवून गेल्या. मॅट्रिक होईपर्यंत कितीतरी ठिकाणची माणसं घरी येऊन पोहे खाऊन गेली. "कळवतो" म्हणाली सगळी, कळवलं कुणीच नाही. शेवटी एक दिवस अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टातून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि आत्याला म्हणाले, "हिला पुण्याला डॉक्टरकीला घालू या. रोगी काही डॉक्टरणीचं तोंड बघून औषध घेत नाहीत." मी तिथंच ताटं मांडत होते. माझ्यादेखत बोलू नये असं दोघांनाही वाटलं नाही.

आत्या बालविधवा. आई गेल्यापासून घर तिच्या ताब्यात होतं, आणि घरात मीही आले. ती म्हणाली, "कशाला ते पुणं? मोहोळचा बिजवर आहे की. शेतीवाडी आहे, चार लेकरं आहेत. त्याला तोंड नकोय, भाकऱ्या बडवायला हात हवेत." मग तो बिजवर येऊनही गेला. चाळिशी उलटलेला, तंबाखूनं दात काळे. खरंच सांगते, त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हात मात्र पुढं करायला लावून उलटसुलट बघितले, बैलाचे दात बघावेत तसे. पुण्याच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत थांबतो म्हणाला. तेव्हा झालं असं, की पास झाले तर पुणं, नाहीतर मोहोळ. मला पुणं हवं होतं. इतकं हवं होतं की त्यापायी मी काय वाट्टेल ते सोसलं असतं, आणि सोसलंही.

परीक्षेला इलाखाभरातून मुलं यायची. मुलींच्या जागा अगदी थोड्या. आधी लेखी, मग तोंडी. लेखीत इंग्रजी, गणित आणि शरीराची माहिती. तोंडीला साहेब समोर बसवून मनाला येईल ते विचारणार, तेही इंग्रजीत. त्यासाठी अण्णांनी आमच्या आळीतले एक पेन्शनीत निघालेले मास्तर ठरवले. कडक सोवळ्याचा माणूस. मला शिवायला नको म्हणून हातात लांब रूळ, आणि तो रूळ मात्र मला खुशाल शिवायचा, बोटांच्या पेरांवर. हाडाचं नाव चुकलं की रूळ. उच्चार चुकला की रूळ. "देवीनं तोंडाला एवढं टोचलं, डोक्याला टोचायला काय झालं होतं गं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आत्याला ते फार आवडायचं. स्वयंपाकघरातून तिचं हसणं ऐकू यायचं.

पुस्तक मास्तरांनीच कुठूनसं जुनं मिळवलं होतं, शरीराचं, जाडजूड, इंग्रजी. "जरा नजरेखालून घालतो" म्हणून ते घरी घेऊन गेले आणि आठवड्यानं आणून दिलं. शेवटाकडची बरीच पानं मिळून एकच पान झालं होतं, पुठ्ठ्यासारखं कडक. आमच्या सोलापुरात कुणालाही विचारा, तो वास ओळखेल. मागाच्या सुताला लावतात ती खळ. साळ्यांच्या गल्लीतून वाटीभर मागून आणली असणार आणि एकेक पान नीट सारवून चिकटवलं होतं. मी विचारलं, "मास्तर, हे प्रकरण?" मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले, "ते परीक्षेला नसतं. चांगल्या घरच्या मुलीला त्याची गरजही नसते." अण्णांनी मान डोलावली. डॉक्टरीण व्हायला निघालेल्या पोरीला अर्ध्या बाईचं शरीर शिकवायचं ठरलं, आणि त्यात कुणालाही वावगं वाटलं नाही!

त्यात महिन्याचे ते तीन दिवस. तेव्हा मी मागच्या पडवीत, गोणपाटावर. कशाला हात लावायचा नाही, पुस्तकाला तर नाहीच. मास्तर आले की अण्णा दारातूनच सांगायचे, "आज तिचं डोकं दुखतंय." मास्तरांना कळायचं, आळीला कळायचं, कुत्र्याला कळायचं, पण शब्द मात्र डोकेदुखीच. चौथ्या दिवशी मास्तर विचारायचे, "डोकं थांबलं का?" आत्याचा शब्द निराळा. शेजारणीला ओरडून सांगायची, "आमच्या कार्टीला कावळा शिवलाय!" मी पडवीतून पाठांतर करू का म्हणून विचारलं तर आत्यानं बराच विचार केला आणि निकाल दिला, "इंग्रजी म्हणजे काही सरस्वती नव्हे. तोंडानं बडबड हवं तर." मग मी मोठमोठ्यानं हाडं म्हणायची. कवटीपासून पावलापर्यंत आणि पावलापासून कवटीपर्यंत.

उन्हाळ्यात अण्णांबरोबर पुण्याला गेले. लेखी झकास गेली. गणितं सगळी सुटली, रक्ताभिसरणावर तर पुरवणी जोडावी लागली. तोंडीच्या खोलीत टेबलामागं दोघं होते. एक गोरा साहेब, आणि एक आपल्यातलेच मराठी डॉक्टर, शेंडी, कपाळाला गंध. गंध बघून मला केवढा धीर आला! साहेबानं हाडं विचारली. मी अशी धडाधड म्हटली की साहेब हसून म्हणाला, "पुरे, पुरे." मग हृदय. मग जठर. साहेबानं डॉक्टरांकडे बघून मान हलवली आणि मला कळलं की आपण पास होतोय. आजही सांगताना छातीत धडधडतं. मनातल्या मनात मी पुण्याला बिऱ्हाडसुद्धा मांडलं.

आणि साहेबानं तो शब्द विचारला. मेन्स्ट्रुएशन. मी जन्मात ऐकला नव्हता. साहेब चांगला होता, त्यानं सोपं करून विचारलं, "बाईला दर महिन्याला काय होतं? तुला माहीत असेलच."

माहीत नसायला काय झालं? दर महिन्याला गोणपाटावर मीच तर बसत होते. पण सांगू कुठल्या शब्दानं? माझ्याजवळ होते ते सगळे लपवायचे शब्द. डोकं दुखतं म्हणावं तर ते खोटं. मी म्हणाले, "शी सिट्स आउटसाइड, सर." साहेब म्हणाला, "का?" मग घरात कानावर पडणारा उरलेला शब्द मी जसाच्या तसा इंग्रजीत करून टाकला. "द क्रो टचेस हर, सर."

साहेबानं डॉक्टरांकडे वळून विचारलं, ही काय म्हणते आहे? मी त्यांच्या गंधाकडे बघत राहिले. त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरीही पडवी होती, गोणपाट होतं, त्यांची बायको त्यावर बसत होती. हिला बरोबर कळलंय, फक्त शब्द घरचा आहे, एवढं एक वाक्य त्यांनी म्हणायचं होतं. त्यांनी दौतीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "खुळचट समजूत आहे, सर. कावळ्याबिवळ्याची." साहेब हसला. डॉक्टरही हसले. मग मला मराठीत म्हणाले, "सोलापूरची ना तू? तरीच. जा, बाहेर जा." मेला! त्याचा मला तेव्हा राग आला आणि आजही येतो.

परतीच्या गाडीत अण्णांनी विचारलं, "काय विचारलं?"

"हाडं."

"आली?"

"आली."

"आणखी काय?"

बापाला कसं सांगणार? मी म्हटलं, "आठवत नाही." अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे भ्यालीस." मग टोपी डोळ्यांवर ओढून कुर्डुवाडीपर्यंत झोपले.

निकालात माझं नाव नव्हतं. आत्यानं त्याच दुपारी मोहोळला निरोप धाडला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात घरी कुणी नाही असं बघून मी बंब पेटवला आणि वाफेवर धरून ती पानं सुटी केली. बोटं भाजली. पहिल्याच पानावर तो शब्द होता आणि खाली त्याचा अर्थ, अगदी साधा, चार ओळींचा. मला हाडं पाठ करायला एक वर्ष लागलं होतं, हे मी भाजी चिरता चिरता पाठ केलं असतं. मी तिथंच बंबापाशी बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी मास्तर पुस्तक परत न्यायला आले. उघडून बघतात तो सुटी, सुरकुतलेली पानं. संतापले. "हे काय करून ठेवलंस? वकिलांची मुलगी येतेय पुढल्या महिन्यापासून शिकायला. तिच्या हातात हे असं देऊ?"

मी म्हटलं, "मास्तर, तोंडीत हेच विचारलं."

त्यांनी सुरकुतलेलं पान बोटानं सरळ केलं. मला वाटलं, आता तरी काही म्हणतील. मग आत्याकडे वळून म्हणाले, "बाई, घरात कणीक असेल ना? थोडी खळ मिळेल का?"

आत्या कामात होती. तिथूनच म्हणाली, "दे गं मास्तरांना शिजवून. जरा दाट कर."

मी चूल पेटवली, कणीक कालवली आणि एकही गुठळी होऊ न देता दाट खळ शिजवून मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.