पुस्तकात नसलेलं बिऱ्हाड

निपाणीत आमच्या आईच्या हाताला विड्या वळण्याचा इतका सराव होता, की बोटं आपली चालत राहायची आणि तिचं सगळं लक्ष कानांत असायचं. शाळा तिनं पाहिली नव्हती. दुपारी गल्लीतल्या तिघी-चौघी मांडीवर पान-तंबाखूचं सूप घेऊन आमच्या सोप्यात जमायच्या आणि मी कॉलेजातून आणलेलं पुस्तक त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. वाचणारणीच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या, असा रिवाज. मला त्या कामाचा मनापासून कंटाळा, त्यामुळं वाचायला मी एका पायावर तयार.

वडील गेले त्या वर्षी एक जाडजूड, जुनी कादंबरी चालू होती. पोटासाठी गाव सोडून निघालेल्या एका कुटुंबाची. त्याच दिवसांत विड्यांचं काम आठवड्यातून दोन दिवसांवर आलं. बेळगावचा मामा येऊन आईला म्हणाला, "आक्का, पोरीला माझ्याकडं धाड, शिकंल. थोरल्याला पुण्याला कामाला लावतो. तू हितंच ऱ्हा." मामाचा आमच्यावर जीव होता, त्यात खोट नव्हती. पण थोरला भाऊ अण्णा, मी आणि आई, तिघांची तीन ठिकाणं होणार होती. आई म्हणाली, दसऱ्यापर्यंत सांगते. मला आईला सोडून जायचं नव्हतं.

कादंबरीतही नेमकं तेच व्हायला लागलं. मुलगा गिरणीत गेला, मुलगी नातेवाइकांकडे, आई मागं एकटी. मी गुपचूप पुढचं चाळून पाहिलं, तर ती माणसं परत भेटतच नव्हती. हे ऐकलं तर आई म्हणणार, जगात असंच चालतं, आपलंही तसंच. मग मी पुस्तकावर डोळे रोखले आणि मनचंच सांगत सुटले. त्यातली आई हट्टाला पेटली, मिळेल ती एक खोली घेतली, दोन्ही पोरांना जवळ ठेवलं, आणि तिघांनी अर्धीच का होईना, भाकरी एका ताटात खाल्ली. शेजारच्या मावशीनं डोळ्यांना पदर लावला. लेखकापेक्षा आपल्यालाच बरं जमतं असं मला वाटलं, खरं सांगते.

दसऱ्याच्या आधीच आईनं मामाला निरोप धाडला, येतो, पण तिघंबी येतो.

बेळगावात एका खोलीत आम्ही सहा वर्षं काढली. अण्णानं रिक्षा चालवली, आईनं खानावळीत पोळ्या लाटल्या, मी शिकून मास्तरीण झाले. भांडणं पुष्कळ झाली. एकदा अण्णा पिशवी भरून स्टँडपर्यंत गेला आणि जेवायच्या वेळेला परत आला. त्या खोलीबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. आणि ती आपल्या थापेमुळं मिळाली, ही घमेंडही मी इतकी वर्षं मनात जपली.

परवा अण्णाच्या घरी सगळे जेवायला जमलो, तेव्हा मी आईपाशी कबुली दिली.

आई हसली. "म्हाईत हाय की. त्या दुपारी तू लई येळ वाचत हुतीस, पर एकबी पान उलाटलं न्हाईस."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू गं? तुला मामाकडं धाडायचं माझं ठरलंच हुतं. पुस्तकातलं असतं तर ऐकून सोडून दिलं असतं. ह्ये माझ्या पोरीच्या पोटातलं हुतं."