मी विधवा ठरवलेली झमकू

सत्तावन सालच्या हिवाळ्यात नेरहून पांढरकवड्याला निघालो, तेव्हा अंगात नवा कोट होता. परदेशातून आलेल्या एका प्राध्यापकांना लमाणांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहायचं होतं आणि दुभाष्या हवा होता. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. "लमाण? लहानपणापासून ओळखतो," असं मी त्यांना सांगून टाकलं. बाजारात आरशांचे घागरे पाहिले होते, तेवढीच माझी ओळख.

पांढरकवड्यापुढे जीप नाल्याच्या रेतीत रुतली. ती ढकलून तांड्यावर (लमाणांच्या वस्तीवर) पोचेपर्यंत ऊन चढलं. सागाच्या जंगलाला लागून वीसेक घरं, पलीकडे वेचणीला आलेला कापूस. तांड्याचा प्रमुख रूपला नायक. त्याने खाट टाकली, गुळाचा कोरा चहा दिला. साहेबांनी तो पुन्हा मागून घेतला.

तेवढ्यात डोक्यावर गाठोडं घेतलेली एक तरुण बाई पाऊलवाटेने आली. तिला पाहताच एक म्हातारी धावली. दोघी गळ्यात पडून मोठ्याने, सुरात रडू लागल्या. साहेबांनी वही उघडली.

"काय झालं?"

नायकाला विचारायचं तर माझं अज्ञान उघडं पडत होतं. "तिचा नवरा वारला," मी म्हणालो.

साहेबांनी टोपी काढली. फोटो घेतला. मग त्यांनी तिच्या दंडाकडे बोट दाखवलं. तिथे चुडो (लग्नातल्या हस्तिदंती बांगड्या) होता. "विधवा हा उतरवते, असं मी वाचलं आहे."

"यांच्यात तशी रीत नाही," मी म्हणालो.

दुपारी जेवताना नायकाला हळूच विचारलं. तो मोठ्याने हसला.

"कोनी मेलं नाही, मास्तर! झमकू वर्षानं माहेरी आली. आमच्यात मायलेकी भेटल्या का रडता रडता वर्षाचं समदं सांगतात. तुमी त् इथलेच, तुमालेही ठाऊक नाही?"

साहेब समोरच भाकर मोडत होते. "काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"जेवण आवडलं का, म्हणतो."

सात-आठ वर्षांनी पुस्तक शाळेत आलं. प्रस्तावनेत माझे आभार होते. आत झमकूचा फोटो, खाली 'तरुण विधवा', आणि चुडो न उतरवणाऱ्या लमाण विधवांवर एक अख्खं प्रकरण. आता तरी कबूल करावं म्हणून मी ते पुस्तक घेऊन तांड्यावर गेलो. नायकाने मला मुकुटबनकडे, झमकूच्या सासरी धाडलं.

बस, मग दोन कोस पायी. अंगणात झमकूचा नवरा औताला दोर बांधत होता. फोटो पाहून तो हरखला.

"अगं ये, तू त् विलायतेले जाऊन आली! मले सांगतलंही नाही?"

"तुमाले सांगतलं असतं त् तुमीबी आले असते मांगं मांगं," झमकू दारातून म्हणाली.

"खाली काय लिवलं हाय, मास्तर?"

हाच प्रश्न ऐकायला मी गेलो होतो. उत्तर पाठ करून गेलो होतो.

"माहेरी आलेली लेक," मी म्हणालो.

त्याने ते पान मागितलं. मी फाडून दिलं. त्याने दारासमोरच्या भिंतीला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं, खिळ्याने ठोकलं. "पोरगं शाळेत हाय. विंग्रजी शिकलं का त्यालेच वाचाले लावतो," म्हणाला. मग मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी जेवलो.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावत होतो, की उद्या साहेबांना पत्र लिहू. ते लिहिलं नाही. साहेब वारले. ते प्रकरण इतरांनी आपल्या पुस्तकांत घेतलं, तेही मी वाचलं. त्या घराकडे पुन्हा फिरकलो नाही; मुलाने बापासमोर काय वाचून दाखवलं, ते मला माहीत नाही.

लमाण विधवा चुडो उतरवते. झमकूने तो उतरवला नव्हता, कारण तिचा नवरा जिवंत होता. मला हे त्याच दुपारी कळलं होतं.