श्रीरंग चौधरींची दुसरी नोकरी

आमच्या कोल्ड स्टोरेजची जाहिरात मीच लिहिली होती. शेवटची ‘माजी सैनिकांना प्राधान्य’ ही ओळ मालकांनी घालायला सांगितली. ती जाहिरात घडी करून खिशात घेऊन श्रीरंग चौधरी वसई पूर्वेच्या आमच्या ऑफिसात आले, तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. निर्मळ गावातल्या वाडीवाल्या घरातले. भाऊ केळी आणि फुलं पिकवतो. हे अठराव्या वर्षी सैन्यात गेले आणि चोवीस वर्षांनी हवालदार होऊन परतले.

मी नेहमीप्रमाणे सुरक्षारक्षकाचा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो शांतपणे वाचला.

“मॅडम, प्राधान्य कोणत्या कामासाठी?”

“सिक्युरिटीसाठी. गेटवर दोन जागा आहेत.”

“मशीनरूममध्येही एक आहे. याच जाहिरातीत छापलंय.”

“तिथे डिप्लोमा लागतो.”

त्यांनी सैन्यातून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. चोवीस वर्षं हा माणूस शीतयंत्रं दुरुस्त करत होता. लष्करी इस्पितळातले रक्ताचे फ्रीज, रेशनच्या थंड खोल्या. कधी राजस्थानात, कधी लडाखमध्ये.

“बंदूक सरावापुरती धरायचो,” ते म्हणाले. “बाकी दिवस हातात पाना.”

मला ओशाळल्यासारखं झालं. सहा वर्षांत मी चाळीसएक माजी सैनिकांच्या मुलाखती घेतल्या असतील. त्यांची उंची पाहिली, ताठ पाठ पाहिली. तिकडे काय काम करत होता, हे एकालाही विचारलं नव्हतं.

आमचा प्लांटप्रमुख प्रीतम मात्र तयार नव्हता. “आपला प्लांट अमोनियावर चालतो, हेमांगी. घरगुती फ्रीज नाही तो.”

“बरोबर आहे,” चौधरी म्हणाले. “अमोनियावर मी चारच वर्षं काम केलंय. एक दिवस बघू द्या. पटलं नाही तर जातो.”

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन आठाला हजर. दुपारपर्यंत त्यांनी कशालाही हात लावला नाही. नुसते फिरले, पाइपांजवळ कान नेऊन उभे राहिले, ऑपरेटरांशी बोलले. जेवणानंतर प्रीतमच्या हातात एक कागद दिला. त्यात पहिलं होतं ते यंत्राबद्दल नव्हतंच. गॅसचे मास्क कपाटात कुलूपबंद होते आणि किल्ली वरच्या मजल्यावर ऑफिसात.

“गॅस सुटला तर माणसानं आधी किल्लीसाठी जिना चढायचा का?” त्यांनी विचारलं.

दुसरं, चारपैकी दोन मास्कच्या फिल्टरची मुदत संपलेली. एका कॉम्प्रेसरचं बेअरिंग आवाज करतंय, हे तिसऱ्या नंबरवर.

प्रीतमचा चेहरा उतरला. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः त्या कपाटाचं दार काढून टाकलं आणि बेअरिंग उघडून पाहिलं. झिजलेलंच निघालं. माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाला, “घे त्यांना.”

चौधरी काही सोपे नव्हते. आठ वाजून पाच मिनिटांनी कुणी आलं की घड्याळाकडे बघत उभे राहायचे. पोरं त्यांना मागून ‘परेड’ म्हणायची. एकदा एका फिटरनं पाना फेकला म्हणून त्याला सगळ्यांसमोर झाडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोरच त्याची माफीही मागितली.

तिसऱ्या वर्षी मशीनरूममध्ये आणखी एक जागा निघाली. शेवटी दोघं उरले. सुमेध, सैन्यातून नायक हुद्द्यावरून सुटलेला, तिथे गाड्या दुरुस्त करायचा. आणि नंदाखाल गावची फेलिशिया, आयटीआयमधून हेच काम शिकलेली. मालकांनी सुमेधचं नाव जवळपास पक्कंच धरलं होतं. प्रीतमही म्हणाला, “चौधरी, तुमचा माणूस आहे.”

चौधरींनी दोघांना आळीपाळीनं एकाच बंद पडलेल्या कूलिंग युनिटसमोर उभं केलं. सुमेधनं जीव तोडून प्रयत्न केला, पण त्याचा हात इंजिनावर बसलेला. फेलिशियानं आधी मेन स्विच बंद करून त्यावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी चिकटवली, मग युनिट उघडलं. पाऊण तासात बिघाड सापडला.

“फेलिशिया,” चौधरी म्हणाले.

“अहो, आपलं धोरण माजी सैनिकांसाठी आहे,” मालक म्हणाले.

“साहेब, मला मशीनरूममध्ये एक दिवस मिळाला होता. तशी संधी सुमेधलाही मिळाली. आता त्याला इथे ठेवलंत तर तो रोज चुकेल, आणि लोक म्हणतील फौजी असेच असतात. त्याला गाड्यांवर घ्या. आपल्या बारा थंड गाड्या बाहेरच्या गॅरेजात जातात, तिथे दोन-दोन दिवस अडकतात.”

मालकांनी गॅरेजच्या बिलांची फाईल मागवून चाळली. मग दोघांनाही घेतलं. सुमेधच्या मनाला ते लागलं होतं. आपल्याच माणसानं डावललं, असं तो महिनाभर म्हणत होता. आता गाड्या त्याच्याच ताब्यात आहेत आणि तो चौधरींच्या शेजारी बसून जेवतो.

हल्ली रविवारी सकाळी चौधरींच्या निर्मळच्या ओटीवर सैन्यातून सुटलेली माणसं जमतात. मी बोळिंजहून स्कूटरनं जाते, अर्ज लिहायला मदत करते. परवा बाबू नावाचे एक गृहस्थ आले होते.

“काय काम केलंत?” चौधरींनी विचारलं.

“देशाची सेवा.”

“ती लिहूच. सकाळी उठून काय करायचात?”

“काय असणार, जेवण. दोनशे माणसांचं. तीन वेळा.”

“हाताखाली किती जण?”

“सहा.”

“बर्फात?”

“बर्फात पन.”

“लिहा, मॅडम,” चौधरी माझ्याकडे वळून म्हणाले, “दोनशे माणसांचं स्वयंपाकघर सांभाळलं.”

बाबू जरा लाजले. मग खुर्ची पुढे ओढून मी काय लिहिते ते बघू लागले.