मूठ सोड, पोरी

गिरीज गावच्या शाळेत मला पहिलीचा वर्ग मिळाला तेव्हा स्वातंत्र्य येऊन फार वर्षं झाली नव्हती. बाईमाणूस शिकवायला येते हेच गावाला नवं होतं. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात रूळ दिला.

"अक्षर वळणदार पाहिजे. वळत नसेल तर बोटांवर द्यायचा."

वर्गात केळीच्या एका वाडीवाल्याची सहा वर्षांची मुलगी होती. लिहायला बसली की आधी तिचा खांदा कानाला जाऊन टेकायचा. मग ती पाटीवर ओणवी व्हायची, पेन्सिलीचा एवढासा तुकडा मुठीत आवळायची आणि असा दाबायची की करकर शेजारच्या वर्गात ऐकू जायची. नखं पांढरी पडायची. दोन ओळी झाल्या की ती हात परकराखाली लपवायची.

"काय झालं गं?"

"बाई, हात दुकतो."

हेडमास्तर दारातच उभे होते. "दुखू दे. दुखल्याशिवाय अक्षर येत नाही. आमचं असंच आलं."

मी त्यांच्यादेखत रूळ कपाटावर टाकला. "माझ्या वर्गात कुणाच्या बोटांवर काही पडणार नाही."

ते लालबुंद झाले. मी पदर खोचला आणि फळ्याकडे वळले.

त्या संध्याकाळी मी तिच्या वाडीत गेले. विहिरीवर रहाट चालू होता. तिला म्हटलं, "पाटी राहू दे. रहाट फिरतो तसा अख्खा हात फिरव." ती हसत हसत हवेत गोल काढू लागली आणि खांदा आपोआप खाली आला. मग केळीच्या बुंध्याशी ओल्या मातीत आम्ही बोटाने गोल काढले, मोठे, मग लहान.

तिची आई पाणी सोडता सोडता बघत होती. "बाई, मातीत खेळायला तर ती घरीपन होती. शालेत कशाला घातली?"

"थोडे दिवस माझ्यावर सोडा."

पेन्सिलीचा तो तुकडा बोटांत धरताच येत नव्हता, म्हणून मी तो एरंडाच्या पोकळ देठात खोवला. पाटी जमिनीवर न ठेवता तिच्या गुडघ्यांना तिरकी टेकवली. तरी तिची मूठ काही सुटेना.

"उडणारा चतुर पकडतेस का गं?"

"हां!"

"दाखव कसा."

अंगठा आणि पहिलं बोट तिने हलकेच जुळवलं, मधलं बोट खाली आधाराला दिलं.

"जोरात धरलास तर?"

"मरंल ना तो."

"मग पेन्सिलही तशीच धर."

पुढे अख्खा वर्ग मी अंगणात नेला. हेडमास्तर धावत आले. "हा काय तमाशा?"

"लेखनाचा तास आहे," मी म्हणाले आणि मुलांना गोल काढायला सांगितलं. हेडमास्तरांनी वरती तक्रार केली.

थंडीत तपासणीचे साहेब आले. पोरीने पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. अक्षरं मोठी होती आणि जरा कललेली.

"वळण कुठंय?" हेडमास्तर म्हणाले.

"येईल," मी म्हणाले. "आधी हात टिकला पाहिजे."

साहेबांनी तिला विचारलं, "हात दुखतो का?"

"नाय. अजून लिवू?"

साहेब हसले. शेऱ्यात मात्र त्यांनी वर्गात शिस्त नसल्याचं लिहिलं, आणि नवीन शालेय वर्षाला माझी बदली वटारच्या शाळेत झाली. समज देताना हेडमास्तरांनी विचारलं, "तिथे तरी नीट वागाल ना?"

"तिथेही असंच शिकवीन," मी म्हणाले.

निघताना वाडीत निरोप घ्यायला गेले. पोर एकदम म्हणाली, "बाई, मास्तरांनी परत मूठ करायला लावली तर?"

"नाही म्हणायचं."

"मारलं तर?"

मी काही बोलायच्या आत तिची आई चिखलाचे हात झटकत पुढे आली. गेल्या वर्षी मला जाब विचारणारी हीच बाई.

"मारतो कोन? मी शालेत येऊन बसेन."

आणि ती खरंच गेली. पहिल्या आठवड्यात वर्गाच्या दारात बसून राहिली, असं मला वटारला कळलं. हेडमास्तर तिला उठवू शकले नाहीत.