दादाचा न उघडणारा पाइप

संजयचा फोन आला तेव्हा मी जिंतूरला घराच्या ओट्यावर तूर निवडत बसले होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच तो बोलला. सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसले, तिथंच मान कलली म्हणे. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. आमची किती भांडणं अजून अर्धवट होती... परभणीच्या एसटीत बसले, खिडकीला डोकं टेकवलं, आणि मग मात्र रडले.

दादा माझा थोरला भाऊ. सरकारी कचेरीत कारकून होता, पण त्याची खरी ओळख पंगतीतली. पान वाढलं की मांडी ठोकून बसायचा, वाढप्याला नावानं हाका मारायचा, शेजारच्याला आग्रह करून बेजार करायचा. त्याच्या पंक्तीला बसलेला पाहुणा उपाशी उठला, असं कधी झालं नाही. अशा माणसाच्या अंगावरून वारं गेलं आणि नेमकी उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, हात काही सावरेना. वहिनी भात कालवून घास भरवू लागल्या. मी म्हटलं, डाव्या हातानं चमच्यानं खात जा. माझ्यावरच उखडला. "डाव्या हातानं अन्नाला शिवू का? भ्रष्ट झालीस का तू?" घरात वहिनींच्या हातचं खायचा, पण लग्न, बारसं, वास्तुशांत, सगळं बंद केलं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो पलंगाखाली कधी घरंगळला, त्याची चौकशीसुद्धा त्यानं केली नाही.

तेव्हा मी परभणीला त्याच्याकडंच राहत होते; असंच एकदा त्याला फिरवायला नेलं होतं. रस्त्यात जुन्या सामानाचं दुकान लागतं, तिथं तो टेकला. जुन्या नळाच्या तोट्या, कुलपं, घड्याळं, आणि त्या ढिगात एक तंबाखू ओढायचा पाइप. लाकडाची छोटी वाटी आणि तिच्यात बसवलेली काळी नळी. आमच्या घरात साधी विडी कुणी ओढली नाही. दुकानदार चाचा प्रामाणिक माणूस, म्हणाले, "नक्को लेव साब, नली जाम हो गई इसकी. खुलतीच नै." दादानं तो डाव्या हातात धरला, उजव्या हाताची बोटं कशीबशी नळीवर ठेवली आणि पिरगाळून पाहिली. बोटं नुसती घसरली.

"सुमे, ह्योच घ्यायचा."

"ह्या वयात ओढणार हायस का आता?"

"ओढायला न्हाई गं. उघडायला."

त्या दिवसापासून घराला एकच उद्योग. सकाळ-संध्याकाळ दादा खुर्चीत बसून नळी पिरगाळायचा. संजय पक्कड घेऊन आला तर त्याला हाकलून दिलं. पक्कड लावली की नळी आतल्या आत मोडते, हे खरं होतं. पण पक्कड नको असण्याचं कारण ते नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मग दादानंच घोळ घातला. आमच्याकडं कान दुखला, गुडघा धरला, दाराची बिजागरी कुरकुरली, सगळ्यावर करडीचं तेल. ते त्यानं नळीच्या सांध्यात मुरवलं आणि पाइप उन्हात ठेवला, कित्येक दिवस. तेल पातळ राहील असं वाटलं, ते वाळून डिंकासारखं बसलं. वहिनींनी कपाळावर हात मारला. "कढईच्या कडंला बसतंय तसंच बसलं की हे! मी रोज घासायलेय, तुमाला दिसत न्हाई व्हय?" दादा त्या दिवशी जेवला नाही. एका जाम नळीच्या जागी आता दोनदा जाम झालेली नळी होती.

त्याच सुमारास नातीचं जावळ ठरलं, पोखर्णीला, नृसिंहाच्या देवळात. ते आमचं कुलदैवत. दादा म्हणाला, "मी यायचा न्हाई. साऱ्या पाहुण्यांम्होरं लेकरावानी घास भरवून घेऊ का?" त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला ते सोसलं नाही, म्हणून मी भांडले. "मग उघड की तो पाइप! बसलास काय?" पेल्यात पेला अडकला की आपण आतल्यात थंड पाणी घालतो, आतला आकसतो आणि सुटतो. तेच इथं करायचं ठरवलं. वाळलेलं तेल विरघळावं म्हणून सांध्यात स्पिरिट सोडून ठेवायचं आणि पाइप फ्रीजरमध्ये. दह्याशेजारी तो पाइप पाहून मोलकरीण हसायची. गार झाला की बाहेर काढायचा, दादा पिरगाळायचा, कपाळावरची शीर तट्ट फुगायची, परत आत. मी जिंतूरला परतले तरी रोज फोन करून विचारायचे. "न्हाई अजून," म्हणायचा आणि फोन ठेवायचा. चिकाटी कशाला म्हणतात, ते मी माझ्या म्हाताऱ्या भावाकडून तेव्हा शिकले.

एका दुपारी त्याचाच फोन आला. म्हणाला, "सुमे... सुटली." नळी मोडली नव्हती, अख्खी निघाली होती. आणि लगेच, "पोखर्णीला माझंबी पान वाढा म्हणावं."

तो पंगतीत बसला. पहिला घास ओठापर्यंत जाता जाता सदऱ्यावर सांडला. वहिनींचा हात पुढं झाला तसा तो हळू पण कडक आवाजात म्हणाला, "हात काढ." दुसरा घास अर्धा सांडला. तिसरा तोंडात गेला. सगळी पंगत उठली तरी दादा जेवतच होता, वरणाचे ओघळ कोपरापर्यंत आलेले, आणि वाढप्याला हाक मारून बुंदी मागत होता. कुणी हसलं नाही. मीच तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला. त्यानंतर तो गेला तोवर एकही घास त्यानं कुणाच्या हातचा घेतला नाही.

पाइप आता त्याच्या खुर्चीजवळच्या कोनाड्यात आहे. नळी हलक्या हातानं निघते, हलक्या हातानं बसते. संजय म्हणतो, काचेच्या कपाटात ठेवू. ठेवा बापडे.

तेराव्याला दादाच्या नावाचं पान वाढलं. वांग्याची भाजी, बुंदी, भातावर वरण, वरणावर तूप. सगळे हात जोडून उभे होते. वहिनी पानाजवळ बसल्या आणि सवयीनं त्यांचा हात भाताकडं गेला. बोटं कालवायला वळली, भाताला टेकणार, इतक्यात त्या थांबल्या. हात मागं घेऊन त्यांनी मांडीवर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, वन्सं," त्या म्हणाल्या. "त्येंचं त्ये कालवून घेतेल."